वास न घेतलेलं फूल

संपादकांचा आग्रह असा की, आमच्या तंजावर प्रांतात पाहण्यासारख्या बागा कोणत्या, जुन्या घरांची आवारं कोणती, यावर दिवाळीच्या अंकासाठी मी काहीतरी लिहावं. जन्मभर बागेत काढलेल्या माणसाला यात कठीण काय, असं त्यांना वाटत असणार. कठीण एवढंच की, बाग पाहायला आलेल्या माणसांना आवरण्यात माझा जन्म गेला. 'या, पाहा' असं मी कधी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. 'पुढे जाऊ नका, वाकू नका, नाक लावू नका,' हेच म्हणत आलो. आता गुडघे बोलतात, पाठ बोलते, आणि मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

तरी मान ठेवायचा म्हणून सांगतो. कुंभकोणमला आलात तर साक्कोट्टैला जा. तिथल्या शिवाच्या देवळामागे बेलाची आणि कण्हेरीची झाडं आहेत, ती सकाळी पाहावीत. मेलकावेरीला नदीकाठच्या जुन्या घरांची मागची अंगणं पाहावीत. नारळ आहेत, सोनचाफा आहे, पायऱ्या थेट कावेरीत उतरतात. मालकाला विचारून आत जा, नाही म्हणणार नाहीत. आणि तिथेच पुढे एक मोठं फाटक लागेल. ती आमची बाग. सगळं गाव तिला पूतोट्टम म्हणतं, म्हणजे फुलबाग. तिथे मी आधी माळी होतो, मग मेस्त्री, म्हणजे माळ्यांचा मुकादम, झालो. दुसऱ्या बागांबद्दल मला विशेष माहिती नाही, तेव्हा या एकीबद्दलच लिहितो. आमची मराठी आडवळणाची, म्हणून पुण्यास शिकलेल्या जावयाकडून लिखाण नीट करून घेतलं आहे. माणसांच्या बोलण्यांना मात्र त्याला हात लावू दिला नाही.

ही बाग अक्कासाहेबांच्या आजोबांनी केली. ते तंजावरच्या दरबारातले मानकरी. बाग केली ती हिंडण्याफिरण्यासाठी नव्हे. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनमंडपात दरवर्षी थंडीत राधाकल्याण होतं, म्हणजे राधा आणि कृष्णाचं लग्न लावतात. रात्रंदिवस भजन चालतं आणि शेवटी देवाच्या गळ्यात माळ पडते. ती लग्नाची माळ या बागेतून जायची. वर्षभराची फुलंही जायची, पण या माळेचा मान वेगळा. राज्य खालसा झालं तेव्हा अक्कासाहेब परकरी पोर होत्या. बाग सरकारकडे गेली आणि कोपऱ्यातलं घर तेवढं त्यांच्याकडे राहिलं. त्या वेळच्या साहेबानं तोंडी कबूल केलं होतं की आतल्या बागेची फुलं पूर्वीसारखी देवाकडे जातील. पुढचे साहेबही ते पाळत आले. अक्कासाहेबांचं लग्न झालं, लवकरच कपाळ पांढरं झालं आणि त्या परत याच घरात आल्या. दरबार गेला, नवरा गेला, भाऊबंद पांगले. माळ तेवढी उरली. ती त्यांची होती, आणि ती गेली तर त्यांच्यापाशी आपलं म्हणावं असं काही नव्हतं.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट नीट समजावून सांगितली पाहिजे. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे मराठी घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही ते परडीतल्या चार फुलांपुरतं पाळता. आम्ही ते बागभर पाळत होतो. झाडावर असलेल्या फुलालाही नाक लावायचं नाही. तोडताना नाकातोंडाला धुतलेलं फडकं बांधायचं. वाऱ्यावर आलेला वास चालतो, वाऱ्याला कोण अडवणार? पण वाकून, जवळ धरून नाही. मी कामाला लागलो तेव्हा मला पहिली गोष्ट शिकवली ती खुरपं धरण्याची नव्हे, श्वास धरण्याची. फुलाजवळ तोंड गेलं की श्वास थांबला पाहिजे. काही दिवसांनी तो आपोआप थांबायला लागतो.

बाकी काम इतर बागांसारखंच. उन्हाळ्यात मल्ली, म्हणजे तुमचा मोगरा. त्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच सकाळी तोडायच्या, संध्याकाळी त्या माळेत उमलतात. पाऊसकाळात शेवंतीचे मुनवे, म्हणजे मुळाशी फुटलेली रोपं, लावायचे, म्हणजे थंडीत फूल येतं. कावेरीचा गाळ आणि जुनं शेणखत मिसळून वाफे भरायचे. गुलाबाला पाणी कमी आणि लक्ष जास्त. आणि दवणा. आमच्याकडे त्याला मरिकोळुंदू म्हणतात. लग्नाच्या माळेत शेवंती, गुलाब, तुळस असतेच, पण दोन फुलांमध्ये दवण्याची काडी नसेल तर ती माळ आमच्या लेखी अपुरी. दवणा फार नाजूक. ऊन हवं, पण पाणी साचायला नको. एक पाऊस जास्त झाला तर वाफाच्या वाफा काळा पडतो. माळ ओवायची ती केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यात. मग परडी डोक्यावर घेऊन मुरुगन निघायचा. हा आमचा जुना माळी, माझ्याहून वयानं मोठा. बागेतून निघाली की साक्कोट्टैमार्गे थेट मरुदानल्लूरपर्यंत परडी खाली टेकवायची नाही. तो वाटेत कोणाशी बोलायचाही नाही, कारण त्याला थांबून गप्पा मारायची खोड होती हे त्यालाच माहीत होतं.

पुढे सरकारातून बाग लोकांसाठी खुली झाली. बाहेरच्या भागात बाकं आली, लाल मातीच्या वाटा आल्या, संध्याकाळी बँड वाजू लागला. आतली बाग मेंदीच्या दाट कुंपणाआड राहिली. त्या कुंपणाच्या तोंडाशी मी उभा. सगळं गाव बाहेरून डोकावायचं, कारण चांगली फुलं सगळी आत.

एक निवृत्त वकील रोज काठी टेकत यायचे आणि रोज तोच वाद घालायचे.

"मेस्त्री, नाक माझं, फूल सरकारचं. मध्ये तुम्ही कोण?"

"मी मधलाच आहे, स्वामी," मी म्हणायचो. "म्हणून तर उभा आहे."

ते हसायचे आणि बाहेरच्या झेंडूचा वास घेऊन जायचे. झेंडूला कसला वास असतो ते देव जाणे. पण हे बोलणं रोज करायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. सणाच्या दिवशी तर एकच वाक्य इतक्यांदा बोलून रात्री जेवताना बायकोशी बोलायलाही जीभ उचलत नसे. ती म्हणायची, "सारें बागेंतच वांटून येतां, घरास कांहीं उरतच नाहीं." खरं होतं ते.

एकदा एका साहेबाची बायको आली. साहेबाला आमच्याकडे दोरै म्हणतात आणि त्याच्या बायकोला दोरैसानी. बाई फार मायाळू. तिला कुणीतरी सांगितलं की कोपऱ्यातल्या घरात दरबारची एक म्हातारी बाई राहते आणि देवाला फुलं पाठवते. तिला वाटलं, आपण स्वतः फुलं तोडून द्यावीत. मी मरुदानल्लूरला गेलो होतो आणि मुरुगनची तिला अडवण्याची छाती नव्हती. मी परतलो तर बाई परडी घेऊन अक्कासाहेबांच्या ओसरीवर. मुरुगन माझ्या कानाशी लागला, "एकेक फूल डोळे मिटून हुंगलं. वास कमी वाटला ते टाकून दिलं." म्हणजे देवाला उत्तम तेच जावं म्हणून तिनं निवडून निवडून सगळी बाद करून आणली होती.

अक्कासाहेबांनी परडी दोन्ही हातांनी घेतली. कपाळाला लावली. बाईला बसवलं, कॉफी दिली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "गोविंदराव, माळ्यांच्या बायकांस बोलवा."

त्या दिवशी आमच्या घरोघरच्या बायकांच्या डोक्यात गुलाब होते. माझ्या बायकोनं ते फूल तीन दिवस पाण्यात जपलं. दोरैसानीनं पुढच्या खेपेला विचारलं, फुलं देवाला आवडली का? तिचं तमिळ मी अक्कासाहेबांना मराठीत सांगितलं, त्यांनी उत्तर दिलं, "सांगा तिला, घरोघरच्या लक्ष्मींस पावलीं." मी तसंच सांगितलं. बाईचे डोळे भरून आले.

असं ते चाललं होतं. मग नवे दोरै आले. माणूस वाईट नव्हता, हे मला पहिल्यानं लिहिलं पाहिजे, कारण असल्या लिखाणात साहेब एक तर देव असतो नाहीतर राक्षस. ते स्वतः फुलांचे शौकीन होते. त्यांनी सगळी बाग पाहिली, दवण्याच्या वाफ्यापाशी मांडी घालून बसले आणि मला म्हणाले की हे कुंपण जाईल. लोकांच्या बागेतला सगळ्यात चांगला भाग लोकांनाच बंद, हे त्यांना पटत नव्हतं.

मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "फुलं कोणी तोडणार नाही. तोडू नये अशी पाटी लावू."

"तोडलं तर मी दुसरं लावीन, दोरै. वास घेतला तर काय लावू?"

"पण वास घेतलेला कळतो कसा?"

"कळत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर कुंपण आहे."

ते उठून मेंदीच्या कुंपणापर्यंत जाऊन आले. त्यांना माझं म्हणणं कळलं होतं, असं मला अजून वाटतं. शेवटी म्हणाले, "एका माळेसाठी सगळं गाव बाहेर उभं करता येणार नाही, मेस्त्री." राग आला होता, आणि राग धरायला माणूस सापडत नव्हता.

कुंपण आम्हीच तोडलं. दुसरं कोण तोडणार? पहिल्याच रविवारी गर्दी लोटली. साळ्यांच्या आळीतली एक बाई आली होती, हाताला मागाचे घट्टे. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सामी, माझी सासू या कुंपणापाशी उभी राहायची. सांगायची, आत स्वर्ग आहे." आणि ती गुलाबाच्या ताटव्यात वाकली ती उठेचना. इतकं तोंड खुपसून हुंगत होती की तिच्या नाकाला पराग लागला. माझ्या तोंडावर 'नाक लावू नका' आलं होतं. ते गिळलं. कुंपणाबाहेर ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू? पण मागे कोपऱ्यातल्या घराची खिडकी होती आणि तिच्यात अक्कासाहेब उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं. दोघींसाठी वाटलं, आणि दोघींसाठी एकदम वाईट वाटून घेताना माणूस थकतो.

त्या वर्षीचं राधाकल्याण जवळ आलं होतं. आम्ही हात-पाय मारून पाहिले. मोगऱ्याचे दिवस असते तर फाटक उघडण्याआधी मिटल्या कळ्या तोडता आल्या असत्या. पण हे थंडीचे दिवस. शेवंती झाडावर चांगली आठवडाभर उमललेली असते, येणारा-जाणारा तिला नाक लावतो. दवण्याचं तर पानच वासाचं. ते उगवल्यापासून वास देतं आणि लोक चिमटीत चुरडून हुंगतात. मी अक्कासाहेबांच्या मागच्या अंगणात दवणा लावून पाहिला. तिथे नारळांची सावली. रोपं उंच झाली, पिवळी पडली, बसली.

मरुदानल्लूरहून भजनातले वडीलधारे गृहस्थ मुद्दाम चालत आले. ओसरीवर बसून म्हणाले, "अक्कासाहेब, माळ यावी. कोण पाहतें? देव कांहीं रागें भरणार नाहीं."

"तो रागें भरणार नाहीं, तें मजही ठाऊक," त्या म्हणाल्या. "पण हातीं देतांना मी त्यास काय सांगूं?"

मी म्हटलं, "बाजारचीं फुलें घेऊं. सारे बाजारचींच वाहतात. तीं कोणी हुंगलीं कीं नाहीं कोण विचारतो?"

"बाजारच्या फुलाचें आपल्यास ठाऊक नाहीं, गोविंदराव. ठाऊक नाहीं म्हणून तें चालतें. हीं आपल्यास ठाऊक आहेत." पुढे म्हणाल्या, "आणि बाजारची माळ धाडावयाची तर ती बाजाराची जाहली. माझी कोठें राहिली?"

मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "स्वामी, यंदापासून माळ तुम्ही पाहा. पूतोट्टमाची येणार नाहीं." आवाज जराही हलला नाही. हलले ते गृहस्थ. उठून त्यांनी म्हाताऱ्या बाईला वाकून नमस्कार केला आणि गेले. मुरुगननं खुंटीवरची माळेची रिकामी परडी काढली, झटकली, पुन्हा खुंटीला लावली.

राधाकल्याणाच्या दिवशी मी कामावर होतो. मुद्दामच रजा घेतली नाही. दुपार कलली, लोक यायला लागले, आणि मोठ्या फाटकातून अक्कासाहेब आत आल्या. त्यांच्या घराला बागेत उघडणारं लहान दार होतं, जन्मभर त्या तिथूनच यायच्या. आज रस्त्यानं वळसा घालून, लोकांच्या रांगेतून आल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. वकील बाकावर होते, ते उठून उभे राहिले. मी पुढे झालो.

"आज फाटकानें आलें," त्या म्हणाल्या. "सर्वांसारखी."

आम्ही हळूहळू दवण्याच्या वाफ्यापर्यंत गेलो. त्यांनी वाकून एक काडी खुडली. मी त्यांना खुडताना पहिल्यांदा पाहिलं. काडी हातात धरून त्या माझ्याकडे वळल्या. साठी केव्हाच उलटलेली ती बाई, तिच्या तोंडावर लाज होती.

"गोविंदराव, किती जवळ धरावें?"

मला कुठे ठाऊक होतं? शेजारी पहिल्या रविवारची ती साळ्यांच्या आळीतली बाई आली होती, आता ती दर रविवारी यायची. तिनं अक्कासाहेबांचा हात अलगद धरून काडी त्यांच्या नाकाशी नेली आणि तमिळमध्ये म्हणाली, "असं, अम्मा. चुरडा थोडं. आता ओढा."

अक्कासाहेबांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, पण तोंड हसतं होतं.

"चांगलें होतें हो," त्या म्हणाल्या. "आम्ही देत होतों तें चांगलें होतें."

तिकडे मरुदानल्लूरला त्या वेळी दुसऱ्याच कुणाची माळ पडत असणार. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, दक्षिणेकडे, आणि हातातली काडी माझ्यापुढे धरली. "घ्या. तुम्हीही घ्या. आतां कोणाचें कांहीं जात नाहीं."

मी वाकलो. काडीपाशी तोंड गेलं आणि श्वास थांबला. सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. मी मान हलवली, छान आहे म्हटलं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी काडी माझ्या कानावर खोचली आणि घरी गेल्या. या वेळी लहान दारानं.

पुढे दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. मुरुगनही गेला. मला कामावरून उतरूनही आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी पाय चालले तर बागेत जातो, वकिलांच्या जुन्या बाकावर बसतो. नवे मेस्त्री मान देतात. कधी कुणी नसताना दवण्याच्या वाफ्यापाशी वाकून पाहतो. श्वास अजून थांबतो. वाऱ्यावर येतो तेवढा वास मला माहीत आहे, नाकाशी धरलेला माहीत नाही.

तर संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर असं. थंडीत या, तेव्हा दवणा असतो. फाटक सकाळी उघडतं. आतल्या बागेला कुंपण नाही. खुशाल वाका, चिमटीत चुरडा, नाकाशी धरा. बाकावर एक म्हातारा बसलेला असेल, त्याला वास कसा आहे ते सांगून जा.